तीन व्होल्टची जागा

जानेवारीतली स्वच्छ दुपार. ऐरोली किंवा कोपरखैरण्यातल्या एखाद्या रो-हाऊसच्या गच्चीवर ३ किलोवॉटची सोलर यंत्रणा. मोठी माणसं कामावर, पोरं शाळेत, घरात चालू फक्त फ्रिज. साडेअकराच्या सुमारास जिन्यातल्या इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात आणि ग्रीडमध्ये चालेल अशी करणाऱ्या यंत्राच्या) पडद्याकडे बघत उभं राहा. व्होल्टेजचा आकडा २५१, २५२ असा चढत जातो, २५३ ओलांडला की आतला रिले 'टक्' करतो आणि निर्मिती शून्यावर येते. मिनिटभराने इन्व्हर्टर परत सुरू होतो, थोड्या वेळाने परत सुटतो. दोन वाजेपर्यंत हेच चालतं. म्हणजे दिवसातलं सगळ्यात चांगलं ऊन नेमकं वाया जातं. सौरऊर्जेवर वीज कंपनी आणि संशोधन संस्था मिळून काम करतात, त्यात वितरण कंपनीने नेमकं काय करायचं, हा प्रश्न आम्ही या जिन्यापासूनच सुरू करतो.

याचं गणित सोपं आहे. वितरण रोहित्राची, म्हणजे आपल्या डीपीची, एलटी (कमी दाबाची) बाजू ४३३ व्होल्टची असते. ४३३ ला १.७३२ ने भागलं की एका फेजला २५० व्होल्ट येतात. भार असला की रोहित्रात आणि केबलमध्ये व्होल्टेज उतरतं आणि घरात २३० च्या आसपास पोचतं. वीज डीपीकडून घराकडेच जाणार, हे धरून ही रचना केलेली आहे. भर दुपारी भार नसला की डीपीपाशी जवळपास २५० च राहतात. दुसऱ्या बाजूला, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे जोडणीचे नियम २०१३ चे आहेत. त्यांनुसार व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर गेलं की सौर यंत्रणेने २ सेकंदांत ग्रीडपासून सुटायचं, आणि व्होल्टेज जागेवर आल्यावरही ६० सेकंद थांबायचं. २३० चे ११० टक्के म्हणजे २५३. तेव्हा गच्चीवरच्या विजेला वर चढायला जागा उरते ती तीन व्होल्टची.

आता केबल बघू. फीडर पिलरपासून (डीपीची वीज घरांना वाटणाऱ्या रस्त्याकडेच्या पेटीपासून) २०० मीटरवर घर, ३५ चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअरची अॅल्युमिनियम केबल. 'साडेतीन' म्हणजे न्यूट्रल निम्म्याच्या आसपास, १६ चौरस मिलिमीटरचा. फेजचा रोध किलोमीटरला ०.८६८ ओहम, न्यूट्रलचा १.९१. जाऊन-येऊन २०० मीटरला ०.५६ ओहम झाले. ३ किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर. एकट्या घराने एवढा प्रवाह उलटा ढकलला तर ७ व्होल्ट चढतात. शेजारची आणखी दोन घरं तशीच, आणि तिन्ही एकाच फेजवर असली, तर ३९ अँपिअरला जवळपास २२ व्होल्ट. तीच तीन घरं आर, वाय, बी अशी तीन फेजवर वाटली की न्यूट्रलमधला प्रवाह एकमेकांना काटतो, फक्त फेजच्या तारेतला चढ उरतो, आणि तो सव्वादोन व्होल्टच भरतो. केबल तीच, घरं तीच, पॅनेल तीच. कोणतं घर कुठल्या फेजवर आहे एवढ्यावर २२ की सव्वादोन हे ठरतं.

ग्राहक इन्स्टॉलरला फोन करतो. इन्स्टॉलर वीज कंपनीकडे बोट दाखवतो, शाखा कार्यालय म्हणतं इन्व्हर्टर तपासून घ्या. काही ठिकाणी तक्रार नको म्हणून इन्व्हर्टरची वरची मर्यादा २६५-२७० वर नेऊन ठेवतात. मग इन्व्हर्टर सुटत नाही, पण शेजारच्याचा टीव्ही आणि एलईडी दिवे ते व्होल्टेज सोसत बसतात. खरी माहिती तीन ठिकाणी विखुरलेली असते. इन्व्हर्टरची नोंद तो बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, डीपी आणि फेजची माहिती वितरण कंपनीकडे, आणि दोन्ही एकत्र मांडून गणित करायला लागणारा वेळ एखाद्या संशोधन गटाकडे. सौरऊर्जेच्या संयुक्त संशोधनात वितरण कंपनीचं काम काय, याचं उत्तर आमच्या मते इथे आहे. पैसे इतर कुणीही देऊ शकतं. चालू फीडर (वस्तीला वीज पुरवणारी लाइन), त्याचा खरा नकाशा आणि त्याला हात लावायची परवानगी फक्त तीच देऊ शकते.

हे नीट झालं की काय होतं त्याचं चांगलं उदाहरण हवाई बेटांवरचं आहे. तिथे गच्चीवरची सौरऊर्जा इतकी वाढली की हवाईयन इलेक्ट्रिक या वीज कंपनीने फीडरवरची सौरक्षमता दुपारच्या किमान भाराच्या १२० टक्क्यांवर गेली की तिथल्या नव्या जोडण्या अडवल्या. भीती अशी की फीडरचा ब्रेकर उघडला आणि त्या क्षणी निर्मिती भारापेक्षा जास्त असली तर व्होल्टेज एकदम उसळेल आणि घरांतली उपकरणं जळतील. भीती खोटी नव्हती, पण उसळी किती आणि किती वेळ, हे कुणी मोजलेलं नव्हतं. २०१४ मध्ये वीज कंपनी, सोलरसिटी ही जोडणी करणारी कंपनी आणि एनआरईएल ही अमेरिकी प्रयोगशाळा एकत्र आल्या आणि वेगवेगळे इन्व्हर्टर प्रयोगशाळेत नेमक्या त्याच परिस्थितीत सोडून पाहिले. बहुतेक इन्व्हर्टर फार थोड्या वेळात सुटतात असं दिसलं, आणि २०१५ मध्ये मर्यादा २५० टक्क्यांवर नेली. या कामातलं सगळ्यात शिकण्यासारखं हे की प्रश्न वीज कंपनीने स्वतः विचारला होता, म्हणून उत्तर आल्यावर नियम बदलला. नाहीतर शोधनिबंध छापून येतात आणि उपविभागात कुणाला पत्ताही नसतो.

आपल्याकडे माणसं आणि संस्था दोन्ही आहेत. ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर पवईला आयआयटी मुंबईचं राष्ट्रीय फोटोव्होल्टाइक संशोधन व शिक्षण केंद्र २०१० पासून आहे. बंगळुरूची केंद्रीय विद्युत संशोधन संस्था १९६० पासून आहे, आणि ऊर्जा मंत्रालयाच्या संशोधन योजनेचा पैसा तिच्यामार्फत येतो. फीडरही हवे तसे मिळतील. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये सोसायटीच्या आवारातच रोहित्र असतं आणि सोलर कॉमन मीटरवर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे दिवसभर ती वीज खातात. तिथे उलटा प्रवाह क्वचित, म्हणून अभ्यासाला तो फीडर सोपा पण फारसं न शिकवणारा. वाशी, नेरूळ, ऐरोलीच्या सिडकोच्या रो-हाऊस वस्त्या घ्याव्यात. एका डीपीवर सिंगल फेजचे पंधरा-वीस इन्व्हर्टर मिळाले तर उत्तम.

पहिलं काम ग्राहक आणि डीपी यांची जुळणी. बिलिंगच्या यादीत प्रत्येक ग्राहक क्रमांकासमोर डीपीचा कोड असतो, पण पावसाळ्यात केबल जळाली की रातोरात भार शेजारच्या डीपीवर टाकला जातो आणि यादी तशीच राहते. फेजची नोंद तर बहुधा कुठेच नसते. स्मार्ट मीटर असतील तर ही जुळणी मीटरला हात न लावता होते. या मीटरमध्ये १५ किंवा ३० मिनिटांच्या प्रत्येक टप्प्याचं सरासरी व्होल्टेज साठतं. एका फेजवरच्या घरांचे व्होल्टेजचे चढउतार एकमेकांबरोबर चालतात. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी घेऊन प्रत्येक मीटरची प्रत्येकाशी तुलना केली की तीन गट आपोआप वेगळे पडतात, आणि ज्या घराचं कुठल्याच गटाशी जमत नाही ते घर बहुतेक दुसऱ्याच डीपीवर असतं. मग जनमित्राला (वीज कंपनीच्या लाइनमनला) बरोबर घेऊन प्रत्येक गटातली दोन-दोन घरं पिलरपाशी तपासावीत. ही पायरी गाळू नका. गणिताने चूक सांगितलेलं घर आणि जनमित्राने 'हे तर मागच्या वर्षीच तिकडे घेतलं' म्हणून सांगितलेलं घर एकच निघतं तेव्हा पुढच्या कामाचा भरवसा वाटतो.

दुसरं काम डीपीवरचा मीटर, आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ६३० केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा प्रवाह ८४० अँपिअर, म्हणून सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, मोठा प्रवाह लहान करून मीटरला देणारा) १०००/५ चा, म्हणजे १००० अँपिअरचे ५ करणारा बसवतात. पण आपल्याला बघायची आहे भर दुपारची वेळ, जेव्हा घरांची गरज आणि गच्चीवरची निर्मिती जवळपास बरोबरीत येतात आणि डीपीतून जेमतेम २०-३० अँपिअर जातात. साध्या ०.५ वर्गाच्या सीटीची अचूकता ५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५० अँपिअरपर्यंतच ठरवून दिलेली असते. त्याखाली तो काय सांगेल याची हमी नाही. ०.५एस वर्गाचा सीटी १ टक्क्यापर्यंत, १० अँपिअरपर्यंत धरून चालतो. किमतीतला फरक अभ्यासाच्या एकूण खर्चात नगण्य आहे, तरी हा 'एस' खरेदीच्या कागदावर राहून जातो आणि वर्षभराच्या नोंदी नेमक्या हव्या त्या वेळेला निकामी ठरतात.

सीटी उलटा बसला की मीटर वीज उलटी वाहते असं दाखवतो. साध्या डीपीवर ही चूक लगेच कळते. सौरऊर्जेच्या डीपीवर मात्र 'बघा, निर्यात होतेय' म्हणून सगळे खूश होतात. म्हणून तपासणी रात्री आठनंतर करायची. सूर्य नसताना तिन्ही फेजला वीज आतच यायला हवी. एका फेजला बाहेर जाताना दिसली तर सीटीची टोकं, पी१-पी२ किंवा एस१-एस२, उलटी आहेत. पॉवर फॅक्टर ०.५ च्या आसपास विचित्र दिसला तर एका फेजचा प्रवाह दुसऱ्या फेजच्या व्होल्टेजशी जोडला गेलाय. तात्पुरत्या मोजणीला गुंडाळायची रोगोव्स्की कॉइल वापरणार असाल तर लक्षात ठेवा, ६३० केव्हीएला एका फेजच्या दोन-तीन समांतर केबल असतात. कॉइलने त्या सगळ्यांना एकत्र वेढायला हवं, एक बाहेर राहिली की तेवढा प्रवाह हिशेबातून गायब. आणि चालू भारावर सीटीची दुय्यम बाजू कधीही उघडी करायची नाही. टर्मिनल ब्लॉकवरची शॉर्टिंग लिंक आधी लावायची, मगच मीटर काढायचा. महाविद्यालयातल्या मुलांना डीपीजवळ नेण्याआधी परमिट, अर्थिंग आणि हातमोजे याबद्दल अर्धा दिवस द्या. झाकण उघडण्याचं काम चाचणी विभागाच्या माणसांनीच करायचं.

घड्याळाबद्दल कुणी फार बोलत नाही, पण ढगाळ दिवसाचा अभ्यास घड्याळावरच उभा असतो. मीटरचं घड्याळ काही मिनिटं पुढे-मागे असतंच. त्यात एक मीटर टप्प्याच्या सुरुवातीची वेळ लिहितो, दुसरा शेवटची. दोन्ही बरोबर असले तरी नोंदी १५ मिनिटं सरकतात. इन्व्हर्टरच्या सर्व्हरवरची वेळ अनेकदा ग्रीनिचची असते. तो साडेपाच तासांचा फरक आलेखात लगेच डोळ्यात भरतो, १५ मिनिटांचा भरत नाही. ढग येऊन गेलेला एखादा दिवस घ्या. इन्व्हर्टरची निर्मिती कोसळते त्याच टप्प्यात डीपीवरची आवक वाढायला हवी. नोंदी एक-एक टप्पा सरकवून जिथे सगळ्यात चांगलं जुळतं ते बघा आणि तेवढी दुरुस्ती लिहून ठेवा. मूळ आकडे पुसू नका.

एवढं झालं की उपाय करून बघता येतात. सध्या इन्व्हर्टरने रिअॅक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करता तारांत ये-जा करणारी वीज) ओढून व्होल्टेज खाली आणावं असा सल्ला सरसकट दिला जातो. परदेशातल्या उघड्या, लांब ओव्हरहेड लाइनवर तो चालतो. आपल्या भूमिगत एलटी केबलमध्ये रोध ०.८६८ तर रिअॅक्टन्स (अशा विजेला होणारा केबलचा अडथळा) किलोमीटरला साधारण ०.०८ ओहम, म्हणजे दहापट फरक. रिअॅक्टिव्ह प्रवाहाला पकडायला केबलमध्ये फारसं काही नसतंच. जो परिणाम होतो तो मुख्यतः रोहित्रात होतो, आणि त्यापायी प्रवाह वाढून केबल तापते. नवी मुंबईसारख्या भूमिगत जाळ्यावर या उपायाचा किती उपयोग होतो, हे इथल्याच फीडरवर मोजायला हवं. बाहेरचा आकडा उचलून इथल्या नियमात घालणं आम्हाला पटत नाही.

रोहित्राचा टॅप, म्हणजे त्यातून निघणारं व्होल्टेज पायरीपायरीने कमी-जास्त करायची सोय, हा जुना, साधा उपाय. बऱ्याच रोहित्रांत २.५ टक्क्यांच्या पायऱ्या असतात, एक पायरी उतरवली की सहा व्होल्ट कमी. दुपारची तीन व्होल्टची जागा नऊची होते. पण टॅप चालू भारावर बदलता येत नाही, शटडाऊन घ्यावा लागतो, आणि एकदा लावला की तोच दुपारी आणि तोच रात्री. मे महिन्यात रात्री दहाला सगळ्यांचे एसी सुरू असताना शेवटच्या घरात २१६ च्या खाली गेलं तर तेही नियमाबाहेर, कारण एलटीला ६ टक्क्यांची सूट आहे. म्हणून नुसत्या जानेवारीच्या नोंदीवर टॅप बदलू नका. निदान चार पट्टे हवेत, दोन-दोन आठवड्यांचे: जानेवारीची गार दुपार, मेची रात्र, जुलैचा पाऊस आणि ऑक्टोबरचं ऊन. आमचा अनुभवसिद्ध क्रम असा: आधी फेजची वाटणी नीट करा, मग टॅप, मग केबल, आणि शेवटी इन्व्हर्टरच्या सेटिंगला हात. फेज बदलायला पिलरमधली एक लग (केबलच्या टोकाची जोडणी) हलवायची असते, खर्च जवळपास नाहीच.

गच्चीवरचं मोजमाप थोडक्यात. ऊन मोजायला पायरानोमीटर पॅनेलच्याच उतारावर, ठाण्यात साधारण १९-२० अंशांवर. पॅनेलच्या मागे मध्यभागी तापमानाचा सेन्सर. ६० अंशांना पॅनेल २५ अंशांच्या तुलनेत साधारण १२ टक्के कमी देतं, आणि हे लक्षात न घेता लोक मेमधली घट धुळीच्या नावावर टाकतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांची काजळी, खाडीची खारी हवा आणि कबुतरं यांनी पायरानोमीटरची काचही मळते. ती दर आठवड्याला पुसायची जबाबदारी नावानिशी कुणाला तरी द्या. आयआयटीच्या केंद्राने २०१३, २०१४, २०१६ आणि २०१८ मध्ये देशभर पॅनेलची पाहणी केली. उष्ण भागात आणि लहान, गच्चीवरच्या यंत्रणांत झीज जास्त दिसली. आपण दोन्हीत बसतो.

याच ठाणे-बेलापूर रस्त्यावर ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. संपूर्ण महाराष्ट्राची मागणी आणि निर्मिती तिथे १५-१५ मिनिटांच्या ९६ टप्प्यांत जुळवली जाते. मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांना राज्याच्या २०१८ च्या नियमांनी आदल्या दिवशी अंदाज द्यावा लागतो. गच्चीवरची निर्मिती त्या पडद्यावर निर्मिती म्हणून दिसतच नाही, दुपारची मागणी तेवढी कमी दिसते. जूनमध्ये दुपारी दोनला काळं आभाळ आलं की ती 'हरवलेली' मागणी एकदम परत येते. सगळ्या गच्च्या मोजण्याची गरज नाही. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या वीस-तीस इन्व्हर्टरच्या चालू नोंदी आणि प्रत्येक फीडरवर किती किलोवॉट बसलेत याची खरी यादी, एवढ्यावर अंदाज बांधता येतो. अडतं यादीपाशी. कुणी पॅनेलची क्षमता लिहितं, कुणी इन्व्हर्टरची. मंजुरी ३ ची आणि नंतर वाढवून ५, किंवा इमारत पुनर्विकासाला गेली तरी नोंद कायम. २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटच्या यंत्रणेला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, आणि नोंदी झपाट्याने वाढताहेत. यादी दुरुस्त ठेवायची वेळ आत्ताच आहे.

करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: नोंदी कुणाच्या, छापायची परवानगी किती दिवसांत, आणि अभियंत्याची बदली झाली तर त्या जागेवर येणाऱ्याने काम पुढे न्यायचं. तिसरी गोष्ट कुणी लिहीत नाही, आणि सगळ्यात जास्त प्रकल्प तिथेच थांबतात. ग्राहकांची संमती मराठीत, एका पानावर, आणि समजावून. १५ मिनिटांच्या नोंदीवरून घर कधी बंद असतं ते कुणालाही वाचता येतं, म्हणून संशोधकांकडे जाण्याआधी ग्राहक क्रमांक काढून त्याजागी सांकेतिक क्रमांक टाकायचा आणि जुळणीची यादी वीज कंपनीकडेच कुलपात ठेवायची. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी ज्या घराने गच्ची उघडी करून दिली त्याला एवढं देणं लागतो.

शेवटी निष्कर्ष शाखा कार्यालयात एका कागदावर पोचवायचे: डीपीचा क्रमांक, टॅप आत्ता कुठे आणि कुठे न्यायचा, कोणत्या पिलरमधली कोणती घरं कोणत्या फेजवर हलवायची. शटडाऊन बुधवारी किंवा गुरुवारी सकाळी घ्यावा, म्हणजे काही बिनसलं तर शनिवार-रविवारच्या आत नीट करता येतं. फेज हलवल्यावर त्या घरात थ्री-फेज पंप असेल तर फिरण्याची दिशा तपासा. मीटर आणि सीटी लगेच काढू नका, आणखी दोन आठवडे चालू ठेवा, आणि त्याच रो-हाऊसच्या जिन्यात साडेअकराला पुन्हा आकडा बघा.